पालकांची सही

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवारची दुपार. समोर दहा वर्षांची एक मुलगी, शेजारी तिचे वडील, आणि टेबलावर शाळेतून आलेला एक कागद. वडिलांनी स्पॅनिशमध्ये विचारलं, काय लिहिलंय? मुलीने कागदावर एकदा नजर टाकली आणि अगदी शांतपणे सांगितलं, "तोदो बिएन, पापी." म्हणजे, सगळं छान आहे, बाबा.

तो कागद मी दोनच मिनिटांपूर्वी वाचला होता. सगळं छान अजिबात नव्हतं.

आणि मी गप्प बसलो.

आता जरा मागे जातो. मला डॅलसच्या परिसरात येऊन तीन वर्षं झाली. वीकेंडला कपडे धुणं, भाजी आणणं आणि भारतात फोन करणं यापलीकडे काही घडत नव्हतं. तेव्हा ऑफिसमधला एक मित्र मला ओढून सार्वजनिक लायब्ररीत घेऊन गेला. तिथे शनिवारी दोन तास मुलांना गृहपाठात मदत करायला माणसं लागतात. मला लगेच गणिताच्या टेबलावर बसवलं, कारण भारतीय चेहरा दिसला की गणित येणारच अशी इथे पक्की समजूत आहे. (एम-थ्रीला मला केटी लागली होती हे मी तिथे कोणालाही सांगितलेलं नाही.)

येणारी बहुतेक मुलं मेक्सिकन, काही एल साल्वादोर आणि होंडुरासची. टेक्सासच्या सरकारी शाळांत निम्म्याहून जास्त मुलं हिस्पॅनिक आहेत, आणि एकूण मुलांपैकी जवळपास चौथा हिस्सा शाळेच्या भाषेत 'इंग्रजी शिकणारी' आहेत. म्हणजे घरची भाषा वेगळी, आणि इंग्रजी अजून पक्कं झालेलं नाही. तर त्यातलीच ही एक. तिला आपण चिमी म्हणू. चौथीत होती. भागाकार फटाफट करायची, पण 'एका शेतकऱ्याकडे अमुक इतकी सफरचंदं' असं गणित इंग्रजीत आलं की अडायची. तिला भागाकार नाही, तो शेतकरी कळायचा नाही.

तिचे वडील घरांवर छपरं घालायच्या कामावर जातात. डॅलसला वसंतात गारपीट होते, लोकांची छपरं फुटतात, आणि मग या लोकांचा सीझन सुरू होतो. एप्रिल-मेमध्ये उजेड असेपर्यंत काम. शनिवारी ते चिमीला न्यायला यायचे ते थेट छपरावरूनच, हातापायांना डांबराचे डाग. दारापाशी टोपी काढून उभे राहायचे. आत यायचे नाहीत. मीच दोन-तीनदा हात केला तेव्हा कुठे त्या दिवशी खुर्चीवर टेकले.

सहा-सात महिन्यांत त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं की पोरगी कशी आहे अभ्यासात. त्यामुळे मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता: भला माणूस आहे, पण मुलीच्या शिक्षणाचं काही पडलेलं नाही.

त्या कागदाचा छापील भाग इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत होता. टेक्सासचा कायदाच आहे, अशा कार्यक्रमातल्या मुलांबद्दलची सूचना पालकांना त्यांच्या भाषेतही द्यायची. पण छापील भागात कामाचं काही नव्हतं. कामाचं होतं ते खाली बाईंनी घाईघाईत पेनाने लिहिलेलं, फक्त इंग्रजीत: वाचनात मागे आहे, उन्हाळी वर्गाबद्दल बोलायचंय, मंगळवारी दुपारी दोन वाजता भेटायला या. कायदा छापील भागापर्यंत येऊन थांबला होता. :-)

मी गप्प का बसलो? एक कारण साधं, की मी कोण मध्ये बोलणारा. दुसरं कारण सांगायला जरा लाज वाटते. मी स्वतः डिट्टो हेच केलेलं आहे.

आमचं तालुक्याचं गाव. बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, आई घरी. दोघंही मराठी शाळेत शिकलेले. मला मात्र हट्टाने इंग्लिश मीडियमला घातलं. पाचवीच्या सहामाहीला प्रगतिपुस्तकात इंग्रजीत शेरा आला, की लक्ष देत नाही, पालकांनी वर्गशिक्षकांना भेटावं. बाबांनी विचारलं, "काय लिहिलंय रे?" मी म्हणालो, "प्रगती चांगली आहे." त्यांनी एकेक अक्षर सुटं सुटं काढत मराठीत सही केली. भेटायला अर्थातच कोणी गेलं नाही. पुढच्या आठवड्यात बाई सगळ्या वर्गासमोर म्हणाल्या, "याच्या घरच्यांना काही पडलेलीच नाही."

म्हणजे मी चिमीच्या वडिलांबद्दल जे मनात म्हणत होतो, ते वाक्यसुद्धा माझं नव्हतं. बाईंचं होतं.

माझ्या बाबांना पडलेली नव्हती? त्याच वर्षापासून ते पहाटे पाचला मला उठवायचे, स्टोव्हवर चहा करून द्यायचे आणि शेजारी पेपर घेऊन बसायचे. इंग्रजीतलं त्यांना काही कळायचं नाही. पण मी डुलकी काढली तर पेपरमागून आवाज यायचा, "मोठ्याने वाच." सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा झोपलेला माणूस पाचला उठतोय. हे शाळेच्या कुठल्या वहीत लिहिणार?

नंतर याबद्दल जरा वाचायला लागलो तेव्हा कळलं, की हा प्रश्न इथे चांगला जुना आहे. 'पालकांचा सहभाग' म्हणजे काय, हे अमेरिकन शाळेत बरंचसं डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरून ठरतं. मीटिंगला आले का, पालक संघात आहेत का, सहलीला बरोबर जातात का, शिक्षिकेला मेल करतात का. जॉइस एप्स्टाइन या अभ्यासिकेने सहभागाचे सहा प्रकार सांगितले, आणि त्यात घरचं वातावरण, घरचा अभ्यास हेही आहे. पण मोजायला सोपं काय, तर दारातल्या रजिस्टरवरच्या सह्या. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्याचा लॉगच लिहिला जात नाही, ती गोष्ट घडलीच नाही असं सिस्टिम धरून चालते. प्रॉडक्शनला असं काही झालं तर आम्ही लॉगिंगला शिव्या घालतो. इथे पालकांना घालतात.

ग्वादालुपे वाल्देस यांचं 'कोन रेस्पेतो' नावाचं पुस्तक आहे, १९९६ सालचं. मेक्सिकन स्थलांतरितांच्या दहा घरांचा अभ्यास. त्यात एक शब्द आहे, 'एदुकासियोन'. दिसायला आपल्याला माहीत असलेलं एज्युकेशनच, पण अर्थ तो नाही. त्यात वागणूक येते, मोठ्यांचा मान येतो, कुटुंबातली जबाबदारी येते. 'माल एदुकादो' म्हणजे कमी शिकलेला नव्हे, तर वळण नसलेला. मराठी माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. आपल्याकडे संस्कार म्हणतात तो भाग आणि शाळा म्हणतात तो भाग, दोन्ही त्या एका शब्दात राहतात. मग वाटणी अशी होते, की मुलाला वळण लावणं आई-बापाचं काम, शिकवणं शिक्षकाचं. शिक्षकाच्या कामात जाऊन नाक खुपसणं हा त्यांचा अपमान. दारात टोपी काढून उभा राहणारा माणूस बेफिकीर नव्हता. तो मान देत होता, आणि मी त्याच गोष्टीचे त्याचे मार्क कापत होतो.

जेरार्डो लोपेझ यांचा २००१ सालचा एक लेखही असाच. टेक्सासमधल्या एका शेतमजूर कुटुंबाबद्दलचा. आई-वडील मुलांना मुद्दाम शेतावर कामाला न्यायचे, की बघा, शिकला नाहीत तर हे करावं लागेल. आणि मेहनत म्हणजे काय तेही बघा. मुलं अभ्यासात चांगली निघाली. शाळेच्या रजिस्टरात याला सहभाग म्हणतील का?

हिस्पॅनिक पालकांना शिक्षणाचं पडलेलं नसतं, असं कोणी म्हणालं तर त्याला आमच्या इथून गाडीने दीडेक तासावर असलेल्या टायलर गावाची गोष्ट सांगावी. १९७५ साली टेक्सासने कायदा केला की, ज्यांच्याकडे देशात राहायचे कागदपत्र नाहीत अशा मुलांसाठी शाळांना राज्याचा पैसा मिळणार नाही. १९७७ साली टायलरच्या शाळांनी अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर फी लावली. मजुरांच्या घरात एवढे पैसे कुठले? मग चार कुटुंबं कोर्टात गेली. विचार करा, कागदपत्रं नाहीत, कोर्टात नुसतं तोंड दाखवलं तरी देशाबाहेर काढायची भीती. न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी सुनावणी सकाळी सहाला ठेवली, या लोकांवर कोणाची नजर पडू नये म्हणून. पकडलं तर पकडलं, अशा तयारीने लोक गाडीत सामान भरूनच आले होते. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १५ जून १९८२ ला, ५ विरुद्ध ४ मतांनी, ही मुलं जिंकली. प्लायलर विरुद्ध डो. यातलं 'डो' म्हणजे आपलं 'अमुक-तमुक', कारण त्या पालकांना नाव लावणंही परवडणारं नव्हतं.

पालक-सभेच्या रजिस्टरात यांची सही नसेल कदाचित. पण अमेरिकेतल्या एका मोठ्या निकालावर त्यांची बिननावाची सही आहे.

आणि हे एकच उदाहरण नाही. कॅलिफोर्नियात मेंडेझ आणि आणखी काही कुटुंबांनी मुलांना वेगळ्या 'मेक्सिकन' शाळेत बसवण्याविरुद्ध दावा लावला आणि १९४७ साली जिंकला, काळ्या-गोऱ्या शाळांबद्दलच्या प्रसिद्ध ब्राउन निकालाच्या सात वर्षं आधी. १९६९ साली टेक्सासच्या क्रिस्टल सिटीत विद्यार्थ्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला; स्पॅनिशमधूनही शिकवा ही त्यांची एक मागणी, आणि मागे आई-बाप उभे. उलट १९९६ साली लॉस एंजेलिसमध्ये शिवणकाम करणाऱ्या आई-बापांनी मुलांना दोनेक आठवडे घरी ठेवलं, की आमच्या मुलांना इंग्रजीतून शिकवा. दोन मागण्या एकमेकींच्या उलट्या वाटतात, पण दोन्हींचा अर्थ एकच. आमच्या मुलांचं काय करताय ते आम्हाला विचारा.

इथे आपल्या लोकांबद्दलही बोलायला हवं. इथल्या शाळेत प्रवेश घेताना एक फॉर्म भरावा लागतो, घरात कोणती भाषा बोलता? इंग्रजीखेरीज काही लिहिलं की मुलाची इंग्रजीची परीक्षा घेतात. माझ्या ओळखीच्या चार मराठी घरांनी, जिथे आजी व्हिडिओ कॉलवर नातवाला मराठीत रागावते, तिथे बिनधास्त 'इंग्रजी' लिहिलंय. कशाला उगाच पोराला त्या वर्गात टाकतील! आणि हेच लोक शाळेत आदर्श पालक. असणारच. दुपारी दोनची मीटिंग असेल तर कॅलेंडरवर दोन तास ब्लॉक करायचे, संध्याकाळी लॉगिन करायचं. पगार एका सेंटने कापला जात नाही. इंग्रजी येतं, भीती नाही, गाडी आहे. आपलं मुलांवरचं प्रेम जास्त नाही, फक्त दुपारचे दोन आपल्याला परवडतात.

असो. तर पुढच्या शनिवारी मी चिमीला विचारलंच, की तू खोटं का सांगितलंस? मला वाटलं होतं, बोलणी बसतील म्हणून. ती माझ्याकडे 'याला एवढंही कळत नाही' अशा नजरेने बघत म्हणाली, मंगळवारी दोन वाजता गेले तर त्यांचा दिवस जाईल. दिवस गेला तर मुकादम दुसऱ्याला घेईल. मग म्हणाली, गेल्या वर्षी आई आली होती. बाई बोलायच्या, आणि मी आईला सांगायचं. 'हिला वाचता येत नाही,' हे मीच सांगायचं. आई घरी येऊन रडली.

दहा वर्षांची मुलगी घरचं बजेटही सांभाळत होती आणि आईचं मनही. त्यात स्वतःचं वाचन राहून जात होतं. पालक आपल्या परीने सगळं करत असतात हे खरंच आहे, पण शाळेत काय चाललंय हे त्यांच्यापर्यंत पोचलं नाही तर भरपाई मूल करतं. पालक ग्रेट आहेत असं म्हणून शाळेला सुटका नाही, आणि शाळा वाईट म्हणून चिमीला वाचता येणार नाही.

लायब्ररीत मूळच्या पोर्तो रिकोच्या एक बाई आहेत. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, वेळ बदलून मागता येते, फोनवर बोलता येतं, आणि दुभाषा देणं शाळेचं काम आहे, मुलाचं नाही. फक्त मागावं लागतं. आणि मागता येतं हेच कोणाला माहीत नसतं. वडील न्यायला आले तेव्हा आधी चिमीने स्वतःच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला वाटलं आता रागावणार. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग पोर्तो रिकोच्या बाईंनी स्पॅनिशमध्ये वाचून दाखवलेला मजकूर पुन्हा एकदा वाचायला लावला, आणि कागदावर सही केली. एकेक अक्षर सुटं सुटं काढून. मेक्सिकोत 'प्रिमारिया' सहा इयत्तांची असते, तेवढी झालीय त्यांची.

फोन सकाळी सातला झाला, कामाच्या ट्रकमधून, शाळेने दिलेल्या दुभाष्यासह. काय बोलणं झालं ते चिमीने नंतर सांगितलं. बापाने पहिला प्रश्न विचारला तो मार्कांचा नव्हता. नीट वागते का? मोठ्यांना मान देते का? बाई जरा गोंधळल्या असणार. दुसरा प्रश्न, तिची आई रात्री स्पॅनिशमध्ये वाचून दाखवायची, इंग्रजी बिघडेल म्हणून आम्ही बंद केलं. बरोबर केलं का? बाई म्हणाल्या, अजिबात नाही, आजपासून परत सुरू करा. बाईंचं बरोबर आहे. अशा मुलांवरच्या संशोधनाचा मोठा आढावा २००६ साली निघाला होता, त्यातही हेच आहे, की घरच्या भाषेतलं वाचन इंग्रजी वाचनाला मदतच करतं. आमच्या गावात 'घरी इंग्रजी बोला' असा सल्ला सर्रास मिळायचा, तो आठवला.

चिमीचं वाचन एकदम सुधारलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालेलं नाही. उन्हाळी वर्गाला गेली, आता पाचवीत आहे, शेतकऱ्याची गणितं थोडी थोडी सुटतात. दर शनिवारी दोन पुस्तकं नेते, एक इंग्रजी, एक आईसाठी स्पॅनिश. आणि तिचे वडील आता दारात थांबत नाहीत. आत येऊन बसतात, टोपी मांडीवर.

त्या रविवारी मी घरी फोन केला. म्हटलं आपणही खातं मिटवून टाकू. "बाबा, पाचवीत त्या प्रगतिपुस्तकात प्रगती चांगली आहे असं लिहिलं नव्हतं."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "माहिताय रे. डेपोतल्या भाऊसाहेबांकडून वाचून घेतलं होतं मी, दुसऱ्या दिवशी."

"मग मला बोलला का नाहीत तुम्ही? आणि शाळेत का नाही गेलात?"

"शाळेत जाऊन काय बोलणार होतो मी बाईंशी, इंग्रजीत? म्हटलं आपल्याला जे जमतं ते करू. दुसऱ्या दिवसापासून पाचचा गजर लावला."